मावळातल्या पावसात पाळीचा कप

लोणावळा

चि. मनूस,


पाळीसाठी कप वापरायला सुरुवात करू का, असं तू विचारलं आहेस आणि आईला ते पसंत नाही, हेही कळवलं आहेस. दोन्हींचं उत्तर एकाच पत्रात देते. माझं मत आधीच सांगून टाकते: वापरून बघ. पण मैत्रिणी वापरतात म्हणून नको, किंवा कुणीतरी पर्यावरणाच्या नावाने तुला अपराधी वाटायला लावलं म्हणूनही नको. आपण राहतो तो मुलूख, तुझा रोजचा प्रवास आणि इथल्या कचऱ्याची गत, या तिन्हींचा हिशेब मांडला तर कप सोयीचा ठरतो, म्हणून वापर. त्याची खरी किंमत दुकानात मोजावी लागत नाही, शिकण्यात मोजावी लागते. तेवढा धीर धरायची तयारी असेल तरच सुरुवात कर.

पहिली गोष्ट पावसाची. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. आपल्याकडे अजूनही कितीतरी बायका कापडाची घडीच घेतात. सुती कापड मुळात वाईट नाही. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलं तर ते चांगलंच साधन आहे. पण आषाढ-श्रावणात ऊन आणायचं कुठून? मग ते कापड न्हाणीच्या कोपऱ्यात, चुलीच्या वरच्या दोरीवर किंवा परकराखाली लपवून वाळत घालतात आणि दमटच पुन्हा वापरात येतं. ओडिशातल्या बायकांवर झालेल्या एका अभ्यासात (तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला) घराच्या आत कापड वाळवणाऱ्यांमध्ये कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग जास्त आढळला. पॅडचंही पावसात खरं नाही. अंदर मावळात किंवा पवन मावळात भाताची आवणी चालू असते तेव्हा बाई दिवसभर खाचरात, चिखलात वाकलेली असते. डोक्यावर इरलं असलं तरी कमरेखाली सगळं ओलं. पॅडमधली शोषक पूड रक्त आणि पावसाचं पाणी यांत फरक करत नाही. पॅड फुगतो, जागचा सरकतो आणि त्याच्या कडा जांघांना घासून सालटं निघतात. कप शरीराच्या आत बसतो, तो शोषत नाही, साठवतो. त्यामुळे बाहेर कितीही पाणी असलं तरी त्याच्या कामात फरक पडत नाही.

तू आवणीला जात नाहीस, लोकलने कॉलेजला जातेस. पण तुझी अडचण त्याच जातीची आहे. कामशेतहून शिवाजीनगरला पोचायला तास-सव्वा तास लागतो आणि लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसतं. गाडी चुकली, कॉलेजातल्या बाथरूमला पाणी नसलं, की पॅड बदलणं पुढे ढकललं जातं. एका पाळीत साधारण तीस ते ऐंशी मिलिलिटर रक्त जातं, तेही चार-पाच दिवसांत मिळून. बहुतेक कपांत एका वेळी वीस ते तीस मिलिलिटर मावतं. म्हणजे सकाळी घरून निघताना रिकामा करून बसवलेला कप संध्याकाळी घरी येऊनच काढला तरी सहसा चालतं; आठ ते बारा तास ही त्याची मुदत. पहिल्या-दुसऱ्या दिवशी तुला जास्त जात असेल तर मध्ये एकदा रिकामा करावा लागेल, हे मात्र गृहीत धर.

आता कचरा. दर पाळीला पंधरा पॅड धरले तर वर्षाला १८० होतात आणि पाळीच्या पस्तीस वर्षांत सहा हजारांच्या वर. नेहमीच्या पॅडचा खालचा पदर प्लास्टिकचा, वरची जाळीही बहुधा प्लास्टिकचीच, आत रासायनिक शोषक. हे कुजत नाही. लोणावळ्यात निदान घंटागाडी येते. डोंगराकडच्या वाड्यांवर तीही नाही. तिथे वापरलेला पॅड परसात जाळतात, म्हणजे विषारी धूर होतो, नाहीतर ओढ्याकाठी टाकतात. ओढा इंद्रायणीला मिळतो आणि इंद्रायणी देहू-आळंदीला जाते. शहरातही वापरलेला पॅड नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्याच्या हातात जातो. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायका कचरा हाताने निवडतात. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही, एवढी साधी विनंती त्यांना मोहीम काढून करावी लागली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांवर विल्हेवाटीसाठी पिशवी द्यायची जबाबदारी टाकली. आपल्या सरकारने २०१८ मध्ये 'अस्मिता' योजनेतून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड द्यायचं ठरवलं. मुलींच्या हातात स्वच्छ साधन पडलं, ही मोठी गोष्ट झाली, ते मी नाकारत नाही. पण ते वापरून झाल्यावर वाडीवरच्या मुलीने टाकायचं कुठे, हा प्रश्न तसाच राहिला. कप त्या प्रश्नालाच फाटा देतो.

हे सगळं कागदावरच ठीक, प्रत्यक्षात साध्या घरातल्या बायका कप वापरतील का, ही शंका रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा ते चोवीस वयाच्या मुलींत कप वापरणाऱ्या हजारात तीन निघाल्या. पण त्याच काळात केरळात काय घडलं ते बघ. २०१८ च्या महापुरात मदतछावण्यांमधल्या बायकांपुढे वापरलेले पॅड टाकायचे कुठे, हा पेच उभा राहिला. पुढच्याच वर्षी अलप्पुळा नगरपालिकेत 'थिंकल' प्रकल्पातून पाच हजार कप मोफत वाटले गेले. २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबलंगी हे गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त पंचायत म्हणून जाहीर झालं. दोन्ही ठिकाणी नुसते कप वाटले नाहीत, आधी बायकांना एकत्र बसवून समजावलं, प्रश्न विचारू दिले. म्हणजे अडतं ते साधनावर नाही, समजावून सांगणारं कुणी नसण्यावर. आणि हे काही नवं खूळही नव्हे. लिओना चाल्मर्स या अमेरिकन बाईंनी १९३७ मध्येच रबरी कपाचं पेटंट घेतलं होतं. आज तो वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा असतो, एवढाच फरक.

आईची खरी भीती वेगळी आहे, आणि ती तू तिच्या तोंडून नीट ऐकून घे. 'लग्नाआधी असलं काही आत घालू नये' यामागे योनीपटलाची काळजी आहे. हा पडदा म्हणजे दाराला लावलेलं सील नव्हे. तो बहुतेकींत आधीच थोडा उघडा असतो, म्हणून तर रक्त बाहेर येतं. त्याचा आकार प्रत्येकीचा वेगळा असतो. कपाने तो ताणला जाऊ शकतो, कधी थोडा फाटूही शकतो, हे मी लपवणार नाही. पण त्यावरून कुणाचं कौमार्य ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला वैद्यकीय आधार नाही, असं स्पष्ट सांगितलं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये 'कौमार्याची लक्षणे' हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातूनच काढून टाकला. आपल्या शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये तर कंजारभाट समाजातले तरुण-तरुणी या चाचणीविरुद्ध स्वतःच्याच जातपंचायतीशी भांडले. ज्या कसोटीत तथ्य नाही, असं डॉक्टरच म्हणतात, तिच्या धाकाने तू तुझ्या सोयीचं साधन टाकावंस, हे मला पटत नाही.

'आत हरवला तर?' हा दुसरा प्रश्न. योनीमार्गाच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचं मुख असतं आणि त्याचं छिद्र इतकं लहान, की कप पलीकडे जाऊच शकत नाही. वर सरकला असं वाटलं तर घाबरायचं नाही. उकिडवं बसून खाली जोर दिला की तो हाताला लागतो. सुरक्षिततेबद्दल म्हणशील तर 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ साली ४३ अभ्यासांचा आढावा आला, त्यांत सुमारे तेहतीसशे जणींचा समावेश होता. गळती पॅड-टॅम्पॉनइतकी किंवा त्याहून कमी आढळली, आणि वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के जणींनी पुढेही वापरायची तयारी दाखवली. याचा अर्थ तीस टक्क्यांना तो मानवला नाही, हेही त्यातच आलं. टॉक्सिक शॉक सिंड्रोम या गंभीर आजाराच्या पाच नोंदी त्या आढाव्यात आहेत. धोका अगदी विरळा, पण शून्य नाही. म्हणून पाळीत एकाएकी चढता ताप, उलट्या, अंगावर पुरळ आलं तर कप काढून थेट दवाखाना गाठायचा. तांबी बसवलेली असेल तर कप ओढताना तीही सरकू शकते. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, नुकतं बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. तुला यातलं काही लागू नाही, पण उद्या मैत्रिणीला किंवा मामीला सांगशील तेव्हा हे सांगायला विसरू नकोस.

राहिला पाण्याचा आणि पातेल्याचा प्रश्न. कप रिकामा करायला हात धुण्यापुरतं पाणी आणि कडी लागणारं दार हवं. हे ज्या घरात नाही, तिथे कपाचा आग्रह धरणं हा दुष्टपणा होईल. तुमच्या घरी दोन्ही आहे. पाळीच्या आधी आणि नंतर तो पाच-सात मिनिटं पाण्यात बुडवून उकळायचा, त्यासाठी एक लहान पातेलं वेगळं ठेव. पाळी संपली की कोरडा करून सुती पिशवीत ठेव, हवाबंद डब्यात नको. कप तीनशे ते हजार रुपयांना मिळतो आणि काळजी घेतली तर कित्येक वर्षं टिकतो. सात रुपयांचा एक पॅड धरला तर वर्षाला साडेबाराशे रुपये जातात. पैशाचा हिशेब इतका सरळ आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

सुरुवात सुट्टीच्या दिवशी, घरीच कर. नखं कापलेली हवीत, हात साबणाने धुतलेले. कप पाण्याने ओला कर, दाबून दुमड, श्वास सोडत आत सरकव. दिशा सरळ वर नाही, मागे माकडहाडाकडे. आत गेला की बोट भोवती फिरवून तो पूर्ण उघडला आहे ना ते बघ. गळती होते ती बहुधा अर्धवट उघडल्यामुळेच. काढताना नुसती दांडी धरून ओढू नकोस, बूड चिमटीत दाबून आधी हवा आत जाऊ दे, मग तो अलगद येतो. पहिल्या दोन-तीन पाळ्यांत चुकेल, तोवर खाली पातळ पॅड ठेव. दुखत असेल तर थांब. जबरदस्तीने काही बसवायचं नसतं. चार पाळ्या वापरूनही जमलं नाही, तर कापडी पॅडकडे वळ, त्यात कमीपणा काही नाही. आईशी वाद घालू नकोस. हे पत्र तिला वाचायला दे आणि तिच्या शंका असतील त्या मला लिहून पाठवायला सांग. तिलाही उत्तर देईन.

तुझी,
मावशी