तेरवीच्या आतले कागद

आता भावकीत कुणाची माती झाली की पहिला फोन तुलाच येणार, म्हणून सांगून ठेवतो. सरपण, तिरडी, पिठलं-भाकरी हे कुणी ना कुणी बघतंच. तू कागद बघ. घर माणसांनी भरलेलं असतं तेरा दिवस, आणि सरकारी मुदतीही त्याच दिवसांत पळायला लागतात. तेरवी झाली की जो तो आपल्या रानात.

साप चावला, वीज पडली, विहिरीत गेला, मोटर चालू करताना शॉक बसला, असं काही असेल तर म्हातारे म्हणतील, चिरफाड नको, देहाची विटंबना होते. तिथं कठोर हो. पोलिसांत खबर, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय मातीला उचलू देऊ नको. सातबारा असलेल्या घरात 10 ते 75 वयाचा माणूस अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून दोन लाख मिळतात. खातेदाराबरोबर घरातला आणखी एक जणही त्यात बसतो. पण प्रस्ताव 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे, आणि पोस्टमॉर्टेम नसेल तर प्रस्ताव अडतो. वीज पडून गेला असेल तर तहसीलदाराकडून चार लाखांची मदत असते. आपल्याकडं मृगाच्या तोंडावर विजा किती पडतात, तुला ठाऊक आहे.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत. माणूस जालन्याच्या किंवा संभाजीनगरच्या दवाखान्यात गेला असेल तर नोंद तिकडंच होते, गावच्या ग्रामपंचायतीत शोधत बसू नको. दाखल्यावर नाव आधारवरचंच हवं. गाव 'बाळूनाना' म्हणतं आणि आधारवर 'बाळासाहेब' असतं. लिहिणारा कानावर पडेल ते लिहितो. खिडकीतून हलायच्या आधी अक्षरन् अक्षर वाच. प्रती दहा घे, पुरत नाहीत.

मग पासबुक. बाईला विचारू नको की विमा होता का, तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मे-जूनच्या नोंदी चाळ. 436 रुपये कापलेले दिसले तर जीवन ज्योती विम्याचे दोन लाख. 20 रुपये कापले असतील आणि मरण अपघाती असेल तर सुरक्षा विम्याचे दोन लाख. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये कामाला होता का? मग पीएफबरोबर विमा आणि विधवेची पेन्शन दोन्ही विचार. ठेकेदार म्हणेल, हा आपल्या रजिस्टरात नव्हताच. पगाराची चिठ्ठी, हजेरीकार्ड, काही सापडेल ते जपून ठेव.

घर दारिद्र्यरेषेखालचं आणि कमावता माणूस साठीच्या आतला असेल तर कुटुंब अर्थसहाय्याचे 20 हजार, अर्ज तहसीलला. तिथंच संजय गांधी निराधारचा फॉर्मही भरून घे. लेकरं लहान असतील तर बालसंगोपनचे लेकरामागं महिन्याला 2,250. महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात जा. हे फार कमी लोकांना माहीत आहे.

कर्जापायी माणसानं जीव दिलेलं घर असेल तर त्यात अपघाताचे दोन लाख मिळत नाहीत. एक लाख मिळतात, तेही कलेक्टरच्या समितीनं पात्र ठरवलं तर. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. म्हणून बँकेच्या, सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिसा चुलीत घालू देऊ नको, त्याच पुरावा आहेत. सावकार दारात आला तर बाईला कशावरही अंगठा उठवू देऊ नको. नवऱ्याची इस्टेट जेवढी, तेवढ्यापुरतंच त्याचं देणं; ती स्वतः जामीन नसेल तर तिच्या अंगावर येत नाही.

दीरांकडंही लक्ष असू दे. 'सही कर वहिनी, वारस लावायचाय' म्हणून हक्कसोडपत्र पुढं सरकवणारे पाहिलेत मी. वारसाच्या फेरफारात बायको, आई, लेकी, लेक सगळ्यांची नावं आली पाहिजेत. तू स्वतः वाचून दाखव.

आणि बांगड्या फोडायला चार जणी लगेच पुढं होतात, तहसीलला सोबत एकही येत नाही. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 साली ठराव करून विधवेच्या अशा प्रथा बंद केल्या. आपल्या ग्रामसभेत विषय काढ. मी येतो बोलायला. तेरवीच्या पंगतीचंही तिथंच बोलू. पाहुण्यांनी टॉवेल-टोप्या आणण्यापेक्षा तेवढे पैसे बाईच्या खात्यात टाकावेत. खातं तिच्या एकटीच्या नावाचं नसेल तर त्याच आठवड्यात पोस्टात उघड.