दगडाचं गाव लिहून ठेवा

विदर्भातले एक शिक्षक आयुष्यभर जीवाश्म गोळा करत होते. ते गेल्यावर घरच्यांनी संग्रहाच्या दोन पेट्या माझ्याकडे सोपवल्या. त्यात ताडकुळातल्या खोडाचा एक सुंदर तुकडा निघाला. आडव्या कापावर पाणी शिंपडून भिंग धरलं की दाट ठिपके उठून दिसत. एकेक ठिपका म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांची जुडी, पुरती दगड झालेली. तो मी एका अभ्यासकांकडे नेला. त्यांनी आधी विचारलं, "कुठल्या गावचा?" पेट्यांत एकही चिठ्ठी नव्हती आणि सांगणारे सर उरले नव्हते. तुकडा शोभेपुरता राहिला. एवढ्या कष्टांचं असं व्हावं, याची हळहळ अजून जात नाही.

दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो. त्यात सिलिका झिरपून झाडं पेशींसकट दगड झाली. वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव आणि छिंदवाड्यातलं मोहगाव कलां यासाठी प्रसिद्ध आहेत. हा काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपले त्या सुमाराचा. हे वय कळतं ते थरावरून; म्हणून नमुना कुठल्या थरातला, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

तेव्हा दगड उचलण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, मापासाठी शेजारी नाणं ठेवा. गाव, तालुका, नाला, तारीख, अक्षांश-रेखांश आणि दगड थरात होता की सुटा, हे जागेवरच लिहा. चिठ्ठी हरवते, म्हणून दगडाच्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन शाईने क्रमांक घाला. तोच वहीत नोंदवा.

पानाचा किंवा किड्याचा ठसा असलेला दगड दुभंगला तर दोन्ही भाग जपा. पंखाची एखादी शीर एकावर पुसट असते, दुसऱ्यावर स्पष्ट. चमक यावी म्हणून तेल किंवा व्हार्निश लावू नका.

कीटक अडकलेला अंबर विकत घेताना जपून. कोवळी राळ, म्हणजे कोपल, अंबर म्हणून सर्रास खपवली जाते. अ‍ॅसिटोनच्या थेंबाने ती चिकट होते. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीतल्या अंबरमधले कीटक सुमारे पाच कोटी वर्षांचे आहेत, हे सांगता येतं ते थर माहीत असल्यामुळेच.

शेतमालकाला विचारल्याशिवाय काही उचलू नका. घुघवा किंवा सिरोंच्याजवळच्या वडधमसारख्या जीवाश्म उद्यानांत फक्त पाहायचं. आणि घरात जुना संग्रह असेल, तर जमवणाऱ्या माणसाजवळ आजच बसा, एकेक दगड हातात द्या आणि तो सांगेल ते लिहून घ्या.