‘एक्सेप्ट, पास’ शिकवणाऱ्यांपासून सावध राहा

नागपुरातल्या ज्या क्लासची फी मी पगारातून हप्त्याहप्त्याने भरली, त्याचं नाव इथे घेत नाही. घेतलं तर ते माझ्यावरच उलटतील, एवढं त्या लोकांना मी आता ओळखते. पण तिथे काय शिकवलं, ते सांगायला मला कोणी अडवू शकत नाही. खापरखेडा, सावनेर, कन्हानहून बस पकडून पायथन शिकायला नागपूरला जाणाऱ्या पोरापोरींनी तरी हे वाचावं.

मी राख वाहतूक करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे हिशेब बघते. खापरखेड्याच्या वीज केंद्राची राख बल्करमध्ये भरून सिमेंट कारखान्यांकडे जाते. प्रत्येक खेपेची वजनकाट्याची पावती असते आणि ड्रायव्हरचा खेपभत्ता त्या पावत्यांवरून निघतो. महिनाअखेरीला हे सगळं एक्सेलमध्ये हाताने जुळवताना डोळे जायची वेळ यायची, म्हणून क्लास लावला.

सरांनी फॉर लूप बरा शिकवला. व्हाइल घाईत उरकला. एरर आली की काय करायचं, हा विषय तर एका ओळीत संपवला. लूपच्या आत ट्राय लिहा, त्याच्या पोटात सगळं काम कोंबा, खाली एक्सेप्ट आणि त्याखाली पास. म्हणजे काही बिघडलं तर काहीच करू नको, मुकाट्याने पुढच्या ओळीवर जा. कारण काय, तर “स्क्रीनवर लाल दिसलं की मार्क गेले. स्क्रीन स्वच्छ पाहिजे.”

मी विचारलं, “पण सर, बिघडलं कुठे ते कसं कळणार?”

“तुला प्रोग्रॅम चालवायचा आहे की चुका मोजत बसायचं आहे? खापरखेड्याच्या लोकांना धुराची सवय, स्वच्छ स्क्रीन यांना बघवत नाही.”

वर्ग हसला. माझा प्रश्न बरोबर होता, हे त्या खोलीत एकालाही वाटलं नाही. मी फळ्याचा फोटो काढून ठेवला आणि परीक्षेत तसंच लिहिलं, पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

मग त्याच पद्धतीने ऑफिसचा प्रोग्रॅम केला. फाइल वाचायची, एकेक पावती घ्यायची, वजनाचा आकडा करायचा, ड्रायव्हरच्या नावावर खेप आणि वजन टाकायचं. चुटकीसरशी यादी तयार. मालक खूश. भत्ते वाटले आणि दुसऱ्याच दिवशी एक ड्रायव्हरकाका टेबलासमोर येऊन उभे राहिले. “ताई, माह्या खेपा काऊन कमी दाखवून राहिल्या?”

मालक आतूनच ओरडले, “कॉम्प्युटर खोटं बोलते का बे?” काकांनी उत्तर दिलं नाही. खिशातून एक मळकी डायरी काढली. तारीख, गाडी, कुठे खाली केली, सगळं बारीक अक्षरात. मी ती डायरी आणि माझी यादी शेजारी ठेवून एकेक ओळ लावत गेले. दिवसाच्या खेपा सगळ्या जुळल्या. गायब होत्या त्या रात्रीच्या, आणि फक्त त्यांच्याच नाही, सगळ्यांच्या.

प्रोग्रॅम उघडला, ट्राय, एक्सेप्ट आणि पास खोडलं, पुन्हा चालवला. लगेच लाल अक्षरं. शेवटच्या ओळीत व्हॅल्यूएरर, आणि त्याच ओळीत अवतरणात तो मजकूर, ज्याचा आकडा त्याला करता येत नव्हता: २८,६४०. रात्रपाळीचा काट्यावरचा माणूस वजन लिहिताना स्वल्पविराम द्यायचा, दिवसपाळीचा द्यायचा नाही. मजकुराचा आकडा करणाऱ्या इंटला स्वल्पविराम चालत नाही. रात्रीच्या प्रत्येक पावतीवर प्रोग्रॅमला एरर येत होती आणि ‘पास’ ती गिळून पुढे जात होता. सर जी ओळ लपवायला शिकवत होते, तिच्यातच उत्तर लिहिलेलं होतं. त्या दिवशी मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

सरांना फोन केला. “मी असं शिकवतच नाही.” फळ्याचा फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. पुन्हा फोन केल्यावर म्हणाले, “ते बिगिनर्ससाठी होतं, इंडस्ट्रीत वापरायला कोणी सांगितलं?” यांच्याच जाहिरातीत ‘इंडस्ट्री रेडी’ असं ठळक छापलेलं असतं. पुढच्या बॅचमधल्या ओळखीच्या मुलीची वही पाहिली. पुन्हा तेच, एक्सेप्ट आणि पास.

माझे बाबा इथल्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. संच ट्रिप झाला, म्हणजे बिघाड दिसताच आपोआप बंद पडला, की सगळ्यांची धावपळ व्हायची, वरून बोलणी बसायची. पण ट्रिप होतो म्हणूनच टर्बाइन वाचतं. बोलणी नकोत म्हणून अलार्मची वायर काढून पॅनल ‘स्वच्छ’ ठेवणारा माणूस तिथे एक पाळीही टिकला नसता. क्लासमध्ये मात्र तो सर होतो.

आणि हे माझं एकटीचं मत नाही. कोणत्याही कॉम्प्युटरवर पायथन उघडून ‘इम्पोर्ट धिस’ लिहा. टिम पीटर्स यांनी १९९९ मध्ये लिहिलेली पायथनची तत्त्वं समोर येतात. चुका गुपचूप जिरू देऊ नयेत, जिरवायच्या तर उघड ठरवून, असा त्यातल्या एका तत्त्वाचा अर्थ. क्लासच्या प्रत्येक मशीनमध्ये ते होतंच. सरांनी कधी उघडलं नसावं.

आता कामाचं.

एक्सेप्ट कधीही बिननावाचा लिहू नका. व्हॅल्यूएरर अपेक्षित असेल तर तेच नाव लिहा. ट्रायच्या पोटात शक्यतो एकच ओळ ठेवा, जिथे बिघडू शकतं तेवढीच. आणि एक्सेप्टखाली पास नको. ओळीचा क्रमांक आणि तिथला मजकूर एका वेगळ्या यादीत टाका. शेवटी तीन आकडे छापा: वाचलेल्या पावत्या, धरलेल्या, सोडलेल्या. धरलेल्या अधिक सोडलेल्या म्हणजे वाचलेल्या, हे जुळल्याशिवाय कोणाचाही भत्ता काढू नका.

आकडा करण्याआधी रिप्लेस वापरून स्वल्पविराम काढा. देवनागरीत लिहिलेलं २८६४० पायथनचा इंट बिनतक्रार घेतो, स्वल्पविरामाला मात्र अडतो. रिकाम्या चौकटीला परस्पर शून्य धरू नका. ती सोडलेल्यांच्या यादीतच गेली पाहिजे.

व्हाइल ट्रूच्या आत बिननावाचा एक्सेप्ट तर विषच. प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी दाबलं की कीबोर्डइंटरप्ट येतो, आणि बिननावाचा एक्सेप्ट त्यालाही गिळतो. क्लासमध्ये सरांचाच प्रोग्रॅम असा अडकला होता. त्यांनी प्लग उपसला आणि म्हणाले, “मशीन जुनं आहे.” मशीनचा काय दोष?

व्हाइल लिहिताना प्रत्येक फेरीत काही तरी बदलतंय ना, ते बघा. मायक्रोसॉफ्टचे झून नावाचे ३० जीबीचे म्युझिक प्लेअर ३१ डिसेंबर २००८ रोजी जगभर एकदम बंद पडले. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस आला आणि तारीख काढणाऱ्या व्हाइल लूपमध्ये त्या दिवसासाठी वजाबाकीच होत नव्हती. लूप फिरतच राहिला.

एरर न येताही लूप फसवतो. आमच्या केंद्रात २१० मेगावॅटचे चार संच आणि पाचवा ५०० चा, मिळून १,३४०. संच १ ते ५ मोजायला रेंजमध्ये १ आणि ५ लिहिलंत, तर लूप चारवर थांबतो आणि उत्तर येतं ८४०. एकही लाल अक्षर नाही. म्हणून उत्तर आधी कागदावर काढता येईल असं छोटं उदाहरण घ्या आणि त्यावर लूप तपासा. यादीवर लूप चालू असताना त्याच यादीतून काही काढू नका, शेजारची ओळ सुटते.

ट्रेसबॅक, म्हणजे ती लाल अक्षरं, खालून वर वाचा. रोज थोडा सराव करा. इंग्रजीला घाबरू नका. हे सगळे सांगतात, मीही सांगते.

काकांना फरक पुढच्या महिन्यात मिळाला. मालकांनी त्यांना सॉरी म्हटलं नाही. सरांनी मला म्हटलं नाही.

आणि क्लास लावण्याआधी डेमो लेक्चरला बसा. सरांच्या प्रोग्रॅममध्ये आकड्याच्या जागी मुद्दाम एक अक्षर टाइप करा. लाल आलं आणि सरांनी ते वाचून समजावलं, तर बसा. ते झाकायला धावले, तर बाहेर पडा. हप्ते पाडून देतो म्हणतील, थांबू नका. भरलेली फी परत मिळत नाही, हे मी विचारून बसले आहे.