टाळ रुंद, गळा अरुंद

चि. ओंकार,


अभंगाची फाइल ऐकली. हेडफोनवर पसारा मोठा वाटतो खरा, पण गायिका डावीकडे सरकली आहे. उजवी बाजू १० मिलिसेकंद मागे ओढलीस ना? जो कान आधी ऐकतो, आवाज तिकडचाच वाटतो. हेल्मुट हासने १९४९मध्ये हेच मांडलं. मोनो केलं तर आणखी वाईट: ५०, १५०, २५० असे दर १०० हर्ट्झवर खड्डे पडतात आणि गळा डब्यातून आल्यासारखा होतो. ही युक्ती मिक्समध्ये एखाद्या वाद्यापुरती ठीक. अख्ख्या गाण्यावर नको.

त्याऐवजी मिड-साइड वापर. कल्पना ब्लमलाइनच्या १९३१च्या पेटंटइतकी जुनी आहे: दोन्ही बाजूंची बेरीज म्हणजे मिड, वजाबाकी म्हणजे साइड. नुसती साइड चढवली तर मोनोचं काही बिघडत नाही, कारण तिथे साइड उरतच नाही. मात्र स्टीरिओत रिव्हर्ब वर येतो आणि गळा मागे पडतो. म्हणून मी सहसा एक-दीड डेसिबलपुढे जात नाही. बऱ्याचदा तेवढंही लागत नाही. साइडवर ८ किलोहर्ट्झच्या वर हलका शेल्फ दिला की टाळ मोकळे होतात आणि गळा जागेवर राहतो.

साधारण १२० हर्ट्झच्या खाली साइड काढून टाक, मृदंगाचा धुमा मधोमध बसू दे. विनाइलवर तर इलाजच नसतो: साइड म्हणजे सुईची वर-खाली हालचाल, खर्ज तिथे गेला की सुई उडते.

कोरिलेशन मीटर शून्याखाली मुक्काम ठोकू लागला तर थांब. पण तो वर आहे म्हणून गाणं चांगलं झालं, असं समजू नकोस. आणि रुंद केलेली प्रत जरा मोठी वाजते, कान लगेच तिच्या बाजूने कौल देतो. आधी दोन्ही सारख्या पातळीवर आण.

हा अभंग देवळाच्या कर्ण्यावर आणि फोनवर वाजणार, म्हणजे बहुतेक मोनोतच. मिक्सच अरुंद असेल तर मिक्स करणाऱ्याला फोन कर, प्लग-इन शोधत बसू नकोस.

उजवीकडचा तो १० मिलिसेकंदांचा उशीर काढून नवी प्रत पाठव, सोबत मूळ मिक्सही.

ताईला नमस्कार.
तुझा,
मामा