आधी आभाळ रंगव

अगं, तैलरंग शिकायचे ठरवलंस आणि पहिल्याच दिवशी चोवीस ट्यूबांची पेटी घेऊन आलीस. असू दे. त्यातल्या पाच बाहेर ठेव: टिटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, येलो ऑकर आणि एखादा लाल. बाकीच्या कपाटात जाऊ देत.

नक्कल कुठल्या चित्राची करू, म्हणतेस? मोनेची खसखशीच्या फुलांची शेतं मोह घालतात, कळतंय मला. पण लालभडक रंग डोळे दिपवतो आणि त्याच्याआड बाकीच्या चुका दडून राहतात. तू आल्फ्रेड सिस्लेचं ‘पोर-मार्लीचा पूर’ घे. १८७६ सालचं. त्या वर्षी सेन नदी गावात शिरली आणि सिस्लेने त्या पुराची एकाहून अधिक चित्रं केली. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं जे आहे ना, तेच. डावीकडे वाइनच्या व्यापाऱ्याचं घर, समोर पाणी, नावा, उजवीकडे झाडं आणि वर ढगांनी भरलेलं आभाळ. पूर आहे, पण आरडाओरडा नाही. मला ते चित्र फार जवळचं आहे.

मूळ चित्र ६० बाय ८१ सेंटिमीटरचं आहे. तू बरोबर निम्म्या मापाचा कॅनव्हास घे, म्हणजे प्रमाण चुकणार नाही.

सुरुवात आभाळापासून कर. हे माझं नाही, सिस्लेचंच म्हणणं. आदोल्फ ताव्हेर्निए या समीक्षकाला लिहिलेल्या पत्रात त्याने ते सांगितलंय. आणि खरंच, खालच्या पाण्याचा, भिंतींचा उजेड आभाळच ठरवतं. मी पहिल्यांदा ते काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणाने रंगवलं आणि सिमेंटचा गिलावा केल्यासारखं दिसायला लागलं. सरांनी काही न बोलता सगळं नाईफने खरवडून काढलं आणि अल्ट्रामरीनची ट्यूब पुढे सरकवली. त्या दिवशी मला राखाडी कळला. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र कर, त्यात पांढरा घाल. निळा थोडा जास्त झाला की राखाडी थंड होतो, सिएना वाढला की ऊब येते. एक अख्खी संध्याकाळ नुसते राखाडी कालव. कॅनव्हासला हातही लावू नकोस.

आणि एक पोस्टकार्ड घे, पंचने त्याला भोक पाड. ते छापील चित्रावर ठेवून एकेक जागा बघ. पाणी मला तपकिरी वाटत होतं. भोकातून बघितलं तर त्यात फिकट, निळसर राखाडी उतरलेला. शेजारचा रंग डोळ्यांना फसवतो गं. म्हणून दर वेळी एवढंच विचार: हा शेजारच्यापेक्षा गडद की उजळ?

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला लाव, जवसाचं तेल वरच्या थरांत वाढव. उलट केलंस तर वरचा थर आधी वाळेल, खालचा हलत राहील आणि रंगाला भेगा पडतील. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, तेव्हा घाई नको. खिडकी उघडी ठेव.

आता हे नीट ऐक. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर, एकेक पसरून वाळत घाल.

चित्र झालं की मागे सिस्लेचं नाव लिही, खाली ‘नक्कल’ म्हणून तुझं. पण ते पुढचं. आधी आभाळ होऊ दे, मग मला फोटो पाठव. दिवसाउजेडी काढ हं, ट्यूबलाइटखाली राखाडी ओळखू येत नाही.