कोऱ्या संगणकाची पहिली हाळी

प्रश्न : आमच्या शाळेत वापरलेले वीस संगणक देणगीत आले आहेत. सीडी ड्राइव्ह नाही, डिस्कही कोऱ्या. पुण्यातला भाचा म्हणतो, "मामा, नेटवर्कवरूनच लिनक्स टाकू." ज्या यंत्रात काहीच नाही, ते नेटवर्कशी बोलणार कसं? आणि भाच्याला हे पुण्यात बसून जमेल का?
— एक शिक्षक, धरमतर

उत्तर : डिस्क कोरी असली तरी संगणक कोरा नसतो. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कारखान्यातच एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, बसवलेला असतो. नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय बहुतेक वेळा त्यातच असते. तिचं नाव पीएक्सई. इंटेलने तिची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये जाहीर केली.

बायोसमध्ये नेटवर्कला पहिला क्रम दिला की संगणक केबलवर हाळी देतो : माझ्या कार्डाचा क्रमांक अमुक, मला पत्ता द्या. डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो आणि कोणती फाइल कुठून घ्यायची तेही सांगतो. ती छोटी फाइल टीएफटीपी या पद्धतीने येते, मग लिनक्सचा गाभा येतो आणि तो उरलेली सामग्री एचटीटीपीने वेगात ओढून घेतो. भाषा, डिस्कचे भाग, पासवर्ड यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. डेबियनमध्ये तिला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट. मग वीस कीबोर्डांपुढे कुणी बसायला नको.

सगळंच टीएफटीपीने का आणत नाहीत? धरमतरच्या खाडीत मालाच्या बार्ज ये-जा करतात. समजा, एकच बार्ज आहे आणि ती रिकामी होऊन परतल्याशिवाय पुढची खेप निघत नाही. मूळ टीएफटीपी तसंच आहे : ५१२ बाइटची एक खेप, पोचल्याची पावती, मग दुसरी. सर्व्हर पुण्यात ठेवला आणि तिथून जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद लागतात असं धरलं, तर सेकंदाला वीसच खेपा होतील आणि चार जीबी यायला साडेचार दिवस जातील.

दुसरी अडचण त्याहून मोठी. संगणकाची ती पहिली हाळी राउटर ओलांडत नाही. ती पुण्यात ऐकूच जाणार नाही.

म्हणून प्रयोगशाळेतच एक धडधाकट संगणक सर्व्हर म्हणून उभा करा. भाचा पुण्यातून एसएसएचने त्यात शिरेल आणि बाकीचं मांडून देईल. बायोस बदलायला मात्र तुमचे हात लागतील. मोठ्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरना तेही लागत नाहीत. त्यांच्या पोटात एक वेगळा छोटा संगणक सतत जागा असतो आणि त्याच्यामार्फत दुरून बटण दाबता येतं, बायोसही बदलता येतो.

तीन गोष्टी सांभाळा. या कामासाठी स्विच वेगळा ठेवा, कारण शाळेचा राउटरही पत्ते वाटतो आणि दोघांनी उत्तरं दिली की गोंधळ होतो. शिवाय टीएफटीपीला पासवर्ड नसतो. आधी एकाच संगणकावर करून पाहा. काम झालं की बूटच्या क्रमात डिस्क पुन्हा पहिली करा, नाहीतर पुढच्या वेळी सुरू करताच तो संगणक स्वतःला पुसून नव्याने बसवायला घेईल आणि मुलांनी त्यात ठेवलेलं काम जाईल.

भाच्याचं ज्ञान पुण्याहून पोचेल. हाळीला ओ देणारं कुणीतरी मात्र तुमच्याच खोलीत हवं.