गाडी गिअरमध्ये अडकली तर

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवस आषाढाचे. आम्ही चौघे-पाच जण एका जीपमधून घाट चढत होतो. मागच्या बाकावर शेजारची सून आडवी झाली होती. तिचे दिवस भरले होते. पहाटेपासून कळा येत होत्या आणि सुईणीने हात टेकले होते. "तालुक्याला न्या, वेळ लावू नका," एवढेच ती म्हणाली.

जीप जुनी होती. मागची दोन चाके ओढणारी. चालवायला आमचाच पुतण्या. अर्ध्या घाटात वळणावर दरडीचे दगड रस्त्यात आले होते. पुतण्याने क्लच दाबला, ब्रेक दाबला. गाडी थांबली. पण थांबताना एक गचका बसला आणि इंजिन बंद पडले. आम्ही उतरून दगड बाजूला केले. परत येऊन बघतो तर गिअरचा दांडा पहिल्या गिअरमध्ये रुतून बसलेला. काही केल्या निघेना.

"किल्ली फिरव, सुटेल," कोणी म्हणाले. पुतण्याने क्लच पुरता दाबून किल्ली फिरवली. गाडी हातभर पुढे उसळली आणि पुन्हा गप्प झाली. पुढे एक जण उभा होता, तो थोडक्यात वाचला.

गचका बसून इंजिन बंद पडले, ही पहिली खूण. क्लच दाबूनही गाडी उसळली, ही दुसरी. दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगत होत्या. आम्हाला ती कळली नाही. ती कोणती, ते आधी समजून घेऊ.

इंजिन आणि चाके यांच्या मध्ये गिअरची पेटी असते. उसाचा जुना चरक ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही पेटी लगेच कळेल. त्यात दात्यांची चाके एकमेकांत बसून फिरतात, तशीच ह्या पेटीतही असतात. पहिल्या गिअरला चाके हळू फिरतात, पण जोर जास्त मिळतो. वरच्या गिअरला वेग मिळतो, जोर कमी होतो. आपण दांडा हलवतो तेव्हा पेटीत लोखंडी काटा सरकतो. तो काटा एका चाकाची जोडी सोडवतो आणि दुसरी जुळवतो. पूर्वी हे दाते एकमेकांवर आपटून करकर वाजत. सन १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला एक नवी सोय केली गेली. दोन्ही चाकांचा वेग आधी सारखा व्हायचा, मग दाते बसायचे. हाताने गिअर बदलायच्या आताच्या बहुतेक गाड्यांत ही सोय असते.

इंजिन आणि पेटी यांच्या मध्ये क्लच असतो. ती एक गोल चकती असते. पायडल दाबले की चकती सुटी होते आणि इंजिनाचा जोर पेटीपर्यंत पोचत नाही. पाय काढला की चकती पुन्हा पकडते.

आता दाराची कडी आठवा. बाहेरून कोणी दार रेटत असेल तर आतली कडी निघत नाही. कितीही ओढा, हात दुखतील. दार जरा आपल्याकडून ढकलले, ताण गेला, की कडी बोटाने निघते. गिअरचे असेच आहे. दात्यांवर ताण असेल तर दांडा निघत नाही. क्लच दाबला की हा ताण जायला हवा. आमच्या जीपचा क्लच पुरता सुटतच नव्हता. चढावर उभ्या गाडीचा सगळा भार दात्यांवर आला होता. आम्ही सगळ्यांनी गाडी वीतभर वर ढकलली असती आणि पुतण्याने त्याच क्षणी दांडा ओढला असता, तर तो निघाला असता. चाकामागे दगड मात्र आधी हवे होते.

आम्ही केले भलतेच. एकाने दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि दोघांनी मिळून हिसका दिला. आत खट् झाले. दांडा एकदम ढिला पडून लुळ्या हातासारखा चारी बाजूंना हलू लागला. आम्हाला वाटले सुटला. ढकलायला गेलो तर गाडी तसूभरही हलेना.

पेटीत दांड्याखाली दोन सळ्या असतात. आमच्या जीपमध्ये एका सळीवर पहिला गिअर आणि मागचा, दुसरीवर दुसरा आणि तिसरा. दोन्ही सळ्या एकदम सरकू नयेत म्हणून मध्ये एक अडसर असतो. जुन्या गाडीत तो झिजतो. आमच्या हिसक्याने दांड्याचे टोक आपल्या खाचेतून उडाले आणि दुसरी सळीही सरकली. दोन गिअर एकदम पडले. मग पेटी पुढेही फिरत नाही आणि मागेही नाही.

तेवढ्यात वरून एक भरलेला ट्रक आला. रस्ता अरुंद. आमची जीप हलल्याशिवाय त्याला वाट नव्हती आणि तिथे ट्रक वळवताही येत नव्हता. चालक म्हातारासा होता. खाली उतरला, दांडा बघितला, मग आत बघितले.

"पाव्हणं, आधी पोरीला खाली घ्या. माझ्या केबिनात निजवा. आन् चारी चाकांना दगड लावा. ही गाडी आत्ता त्या गिअरनंच धरलीया. गिअर सुटला की गाडी दरीत."

एवढा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. हँडब्रेक तर आमचा नावालाच होता.

दगड लागले. त्याने पुतण्याला ब्रेकवर बसवले. गाडी जरा वर रेटून दगड पुढे सारायला सांगितले. पेटी अडली होती, तरी दात्यांत बोटभर ढिलाई असते, तेवढी मिळाली. मग दांड्याच्या बुडाचे टोपण खोलले आणि दांडा वर काढून घेतला. आत दोन खाचा दिसल्या. एकमेकींच्या समोर असायच्या त्या मागेपुढे झाल्या होत्या. त्याने जाड पेचकस घेऊन आधी दुसरी सळी मधोमध आणली, मग पहिली. हातोडी लागली नाही. दोन्ही खाचा समोरासमोर आल्या, तेव्हा गिअर मोकळा झाला. त्याच क्षणी गाडी दगडांवर टेकली. दगड नसते तर काय झाले असते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

दांडा बसवून तो क्लचकडे वळला. पायडल हाताने दाबून म्हणाला, "निम्म्यापर्यंत रिकामंच जातंय बघा." पायडल वरून इंचभर सैल असावे, असा साधारण हिशेब. गाडीगणिक थोडा फरक पडतो. त्याहून जास्त सैल असेल तर क्लच पुरता सुटत नाही. अगदीच सैल नसेल तर क्लच घसरतो आणि जळतो. आमची केबल लांबली होती. तिच्या टोकाचा नट त्याने पान्याने आवळला आणि सैलपणा इंचभर केला. सगळे मिळून अर्धा तास लागला असेल.

आताच्या बऱ्याच गाड्यांत केबलऐवजी क्लचला तेल असते. बॉनेटखाली छोटी डबी असते, तिच्यात ते कमी झाले की क्लच सुटत नाही. पायडल पाच-सहा वेळा भराभर दाबून पाहावे, कधी कधी तेवढ्यापुरता सुटतो. पण तेल कमी झाले म्हणजे कुठून तरी गळते आहे. गळती शोधावीच लागते. नव्या छोट्या गाड्यांत दांड्यापासून पेटीपर्यंतही केबल असतात. त्यांचे टोक निसटले की दांडा ढिला पडतो आणि गिअर आहे तिथेच राहतो. टोक दिसले तर दाबून बसवता येते.

दोष कुठे आहे ते ओळखायची एक सोपी रीत त्या चालकाने सांगितली. ती आम्ही अजून वापरतो. चाकांना दगड लावून इंजिन बंद करायचे आणि दांडा हलवून बघायचा. इंजिन बंद असताना दांडा सहज फिरतो आणि चालू असताना फिरत नाही, तर दोष क्लचचा. बंद असतानाही फिरत नाही आणि गाडी मागेपुढे डोलवूनही फिरत नाही, तर दोष दांड्याच्या जोडणीत किंवा पेटीच्या आत. पेटीच्या आतला दोष रस्त्यावर निघत नाही. त्याला कारागीरच हवा. पेटीतले ऑइल काढून त्यात लोखंडाचे कण दिसले तर वाट बघूच नये.

त्या दिवशी आम्ही अकराच्या सुमारास तालुक्याला पोचलो. दुपारी मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी पुतण्याने क्लचची नवी केबल टाकली. जुनी काढून हातात घेतली, तेव्हा दिसले की टोकाशी तिचे निम्मे धागे तुटलेले होते.